गांवची शाळा चालवितो कोण?

नागपूर शहर मागें टाकून आपण काटोलच्या, उमरेडच्या किंवा रामटेकच्या वाटेला लागलों, म्हणजे कोस-दीड कोसावर एकेक गांव लागतें. आणि गांवाच्या तोंडाशींच बहुधा एक बैठी इमारत दृष्टीस पडते. तिच्या भिंतीवर ‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा’ अशीं ठळक अक्षरें असतात. पुढें पटांगण, पटांगणांत ध्वजाचा खांब, एका कोपऱ्यांत हातपंप आणि मागल्या अंगास दुपारच्या खिचडीची खोली. अशा गांवीं पारावर बसलेल्या मंडळींस ‘ही शाळा कोणाची?’ असें सहज विचारून पाहावें. कोणी म्हणतो, सरकारची. कोणी म्हणतो, झेडपीची. एखादी बाई पदर सांवरीत म्हणते, ‘गुरुजींची असंल, बाप्पा!’ ‘आमची’ असें उत्तर मात्र क्वचितच कानीं पडतें.

ज्या वस्तूचे धनी आपण आहों हेंच माणसाला ठाऊक नाहीं, ती वस्तु तो राखणार तरी कशी? गांवची शाळा कशी चालते, तिच्यासंबंधींचे कोणते निर्णय कोठें होतात, आणि त्या सगळ्या व्यवहारांत गांवच्या आईबापांच्या हातीं कायद्यानें काय दिलें आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. विषय थोडा रुक्ष आहे खरा. परंतु ज्या घरांतील पोर उद्यां सकाळीं दप्तर पाठीस लावून निघणार आहे, त्या घराला तो रुक्ष वाटूं नये.

प्रथम थोडें मागें वळून पाहूं. १८५४ सालीं नागपूरकर भोसल्यांचें राज्य खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. सरकारी शिक्षणखातें आलें, शाळा निघाल्या. पण गांवोगांवच्या शाळांचा संसार नागपुरांत बसून हांकतां येणार नाहीं, हें राज्यकर्त्यांच्याही ध्यानांत आलें. १८८३ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानें जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल व तिच्या जोडीला लोकल बोर्डें मिळालीं, आणि खेड्यांतील शाळांचा भार हळूहळू या संस्थांवर आला. पुढें १९२० सालीं दोन कायदे झाले. एकानें स्थानिक संस्थांची नव्यानें घडी बसविली. दुसऱ्यानें आपल्या हद्दींत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा त्यांना दिली. मुभा दिली, पैसा मात्र बेताचाच दिला. मुभा एकीकडे आणि पैसा दुसरीकडे ही ताटातूट आमच्या शिक्षणाच्या इतिहासांत पुढेंही वारंवार आढळते.

१९३७ सालीं प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें आणि पंडित रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर योजना पुढें मांडली. गांवानें किंवा गांवांतील एखाद्या दात्यानें जमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च भागावा आणि शिक्षकाचा चरितार्थ चालावा, अशी ती कल्पना होती. त्याच वर्षीं २२ व २३ ऑक्टोबर रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना आखली. विद्यामंदिर या नांवावरूनच वाद माजला. १९३९ सालीं मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. आणि ती योजना फारशी पसरली नाहीं. तथापि तिच्या पोटांत एक मर्म होतें, तें विसरण्यासारखें नाहीं. ज्या शाळेला गांवानें स्वतःचें कांहीं दिलें आहे, तिची विचारपूस गांव आपण होऊन करतें. जें आयतें मिळालें, त्याची चौकशी कोणी करीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानें मध्यप्रांत-वऱ्हाडांत जनपद सभा आल्या. जिल्ह्याचा कारभार फार दूरचा होतो, म्हणून तहसील हाच कारभाराचा पाया धरावा, असा त्यांत विचार होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत गेला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. वसंतराव नाईक हे विदर्भांतील पुसदकडचेच. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आमच्या शाळेच्या भिंतीवरील नांव तेव्हांपासूनचें आहे.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें. इतक्या वर्षांत कायदे बदलले, संस्थांचीं नांवें बदललीं. पण शाळेचा कारभारी शाळेपासून किती अंतरावर बसलेला असावा, हा प्रश्न कायमच राहिला. तो कधीं नागपुरास बसला, कधीं तहसिलीच्या गांवीं बसला, पुन्हा जिल्ह्याला येऊन बसला. गांवांत तो क्वचितच येऊन बसला.

आतां आजची व्यवस्था पाहूं. नागपूर शहर वगळल्यास आपल्या जिल्ह्यांत तेरा पंचायत समित्या आहेत: नागपूर ग्रामीण, कामठी, हिंगणा, काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, पारशिवनी, मौदा, उमरेड, भिवापूर आणि कुही. या सर्वांवर जिल्हा परिषद. परिषदेच्या निवडून आलेल्या सभासदांतून एक शिक्षण समिति होते, आणि प्राथमिक शिक्षणाधिकारी हे तिचें सचिवपण सांभाळतात. त्यांच्याही वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. तालुक्याच्या ठिकाणीं गटशिक्षणाधिकारी आणि त्यांचे विस्तार अधिकारी. त्यांच्या खालीं साधारण दहा शाळांमागें एक केंद्रप्रमुख. आणि शेवटच्या पायरीवर शाळेचा मुख्याध्यापक. लहान गांवांत हा मुख्याध्यापक म्हणजे कोणी खुर्चीवर बसणारा अधिकारी नव्हे. तोच पहिलीला बाराखडी शिकवितो, तोच चौथीला भागाकार शिकवितो, तोच खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवतो, आणि माहिती भरण्यासाठीं संगणकाशीं किंवा मोबाइलशीं झगडत तोच बसतो.

कोणतें काम कोठें होतें, तेंही स्पष्ट असावें. शिक्षक हा जिल्हा परिषदेचा नोकर. पण त्याच्या पगाराचा पैसा राज्य सरकार देतें. त्याची पात्रतापरीक्षा व निवड राज्याच्या पातळीवर होते. अभ्यासक्रम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आंखते. पुस्तकें बालभारती छापते. ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजीं स्थापन झाली. दुपारच्या भोजनाची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासूनची; तिचा तांदूळ केंद्र सरकार देतें आणि शिजविण्याच्या खर्चाचा वांटा केंद्र व राज्य मिळून उचलतात. म्हणजे पोराच्या पुढ्यांतील एका ताटांत दिल्लीचा तांदूळ, मुंबईचा हुकूम, नागपूरची देखरेख आणि गांवची चूल असा चौघांचा मेळ असतो. ताट चांगलें असलें तर श्रेय चौघेही घेतात. खिचडी करपली तर दोष मात्र स्वयंपाकिणीचा.

या उतरंडींत आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, म्हणजे तिचा कारभार प्रशासकाच्या हातीं जातो. २०२२ पासून राज्यांतील अनेक जिल्हा परिषदांत असें घडलें. अशा काळांत शिक्षण समितींत लोकांच्या वतीनें बोलणारा कोणी उरत नाहीं. गांवच्या शाळेपुरती लोकांची म्हणावी अशी एकच संस्था मग शिल्लक राहते. तिच्याकडे वळण्यापूर्वीं, दुसऱ्या देशांत ही गोष्ट कशी चालते तें क्षणभर पाहूं.

अमेरिकेंत शाळांचा कारभार शाळांच्या निरनिराळ्या हलक्यांत वांटलेला आहे. हलका म्हणजे एका शाळामंडळाच्या ताब्यांतील मुलूख. तो एखाद्या लहान वस्तीचाही असूं शकतो. तेथील लोक बहुधा आपल्या शाळांचें मंडळ मतांनीं निवडतात. तें मंडळ मुख्य अधिकारी नेमतें, अंदाजपत्रक ठरवितें, आणि पुष्कळ ठिकाणीं घराजमिनींवरील कराच्या रूपानें शाळेसाठीं पैसाही उभा करतें. यांत गुण आहे आणि दोषही आहे. गुण हा कीं, आपल्या खिशांतून पैसा गेल्यामुळें लोक मंडळाच्या सभेंत येऊन जाब विचारतात. दोष हा कीं, श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची शाळा गरीब राहते; ती खोट भरून काढण्यास राज्याला मध्यें पडावें लागतें. शिवाय लहान हलके एकमेकांत मिसळण्याची लाट तिकडेही आली. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्या देशांत सुमारें १ लक्ष २७ हजार हलके होते. आतां ते सुमारें १३ हजारच उरले आहेत. तात्पर्य, लहान गांवच्या शाळेचें काय करावें हा प्रश्न आमच्याच नशिबीं आला आहे असें नव्हे.

आमच्याकडे पैशाची वांटणी वरून होते, म्हणून कुहीच्या मुलाला आणि कामठीच्या मुलाला नियमानें सारखेंच मिळतें. हा मोठाच गुण होय. पण जाब विचारण्याची संवय आम्हांला लागली नाहीं, ही त्याची दुसरी बाजू.

आतां मुख्य मुद्दा. २००९ सालीं संसदेनें बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला, हें पुष्कळांनीं ऐकलें आहे. पण त्याच कायद्याचें २१ वें कलम फार थोड्यांनीं वाचलें आहे. त्या कलमानें प्रत्येक सरकारी व स्थानिक संस्थेच्या शाळेला एक शाळा व्यवस्थापन समिति दिली. तिच्या सभासदांपैकीं निदान तीन-चतुर्थांश हे शाळेंत शिकणाऱ्या मुलांचे आईबाप किंवा पालकच असले पाहिजेत. दुर्बल व वंचित वर्गांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणांत जागा दिल्या पाहिजेत. आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आपल्या राज्यांत ही समिति साधारणपणें बारा ते सोळा जणांची असते. पालकसभेंतून पालकांची निवड होते. उरलेल्या जागीं ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचा सभासद, शिक्षक व शिक्षणाची जाण असलेला एखादा गृहस्थ येतो. अध्यक्ष पालकांतूनच निवडावयाचा असतो आणि मुख्याध्यापक हा सचिव असतो. महिन्यांतून एकदां बैठक भरावी, असा दंडक आहे.

या समितीचीं कामें तीन. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणें हें पहिलें. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणें हें दुसरें. शाळेला मिळालेला पैसा कसा खर्च होतो हें पाहणें हें तिसरें. आराखडा म्हणजे कागदी डोलारा नव्हे. पुढील तीन वर्षांत पट किती होईल, त्यासाठीं किती खोल्या व किती शिक्षक लागतील, काय मोडलें आहे, काय नवें हवें, हें गांवानें लिहून काढावयाचें. आणि वरून येणाऱ्या अनुदानाचा आधार तो आराखडा असावा, असें कायद्याचें २२ वें कलम सांगतें. गांवानें मागितलें नाहीं, तर वरच्याला कळणार कसें?

पैशाचेंही एक उदाहरण सांगतों. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेंत ३१ ते १०० पट असलेल्या शाळेस वर्षाला २५ हजार रुपये आणि १०१ ते २५० पट असलेल्या शाळेस ५० हजार रुपये संयुक्त अनुदान असा दर घातला आहे. त्यांतील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हावा, असाही नियम आहे. रक्कम मोठी नव्हे; खडू, विजेचें बिल, फुटलेलीं कवेलू, नळाची तोटी यांतच ती विरून जाते. पण ती कोठें विरली, हें विचारण्याचा हक्क शेतमजुरी करणाऱ्या आईलाही आहे. भोजनाचें तसेंच. पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागें १५० ग्रॅम धान्य हें प्रमाण ठरलेलें आहे. अन्न मुलांच्या पुढें जाण्यापूर्वीं शिक्षकानें व मोठ्या माणसांनीं तें चाखून पाहावें, अशी सूचना आहे. समितींतील आयांनीं पाळीपाळीनें हें चाखण्याचें काम पत्करलें, तर त्याहून चांगली तपासणी कोणती?

कायदा इतका चांगला आहे, तर मग उणें कोठें आहे? हें सांगतांना मला दुसऱ्याकडे बोट दाखवितां येत नाहीं. माझ्याच हातून काय झालें, तें सांगतों.

मी एका लहान गांवीं मुख्याध्यापक होतों. समितीची व्यवस्था तेव्हां नवीन होती. दर महिन्याला बैठक झाल्याचें इतिवृत्त मी स्वच्छ अक्षरांत लिहीत असें, आणि ती वही एखाद्या हुशार पोराच्या हातीं घरोघर पाठवीत असें. सह्या व आंगठे घेऊन वही परत येत असे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनीं वही पाहून समाधान व्यक्त केलें. माझा हेतु वाईट नव्हता. कापसाच्या वेंचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दुपारीं बैठकीला येणार कोण, असें मी स्वतःला समजावीत होतों. दोन वर्षांत आमचा पट घसरत गेला. गांवांतील कांहीं मुलें गाडींत बसून बाहेरच्या शाळेंत जाऊं लागलीं. आणि एके दिवशीं आमच्याकडील एक शिक्षक जादा ठरून दुसरीकडे गेला. तेव्हां मात्र मीं लोकांना गोळा केलें आणि आतां सर्वांनीं मिळून कांहीं करावें, असें सांगितलें. एक म्हातारी आजी उठली. ती म्हणाली, ‘गुरुजी, पोरं बाहेर जाऊन राहिली, हें तुमाले दोन सालापासून दिसत होतं. आमाले काहून नाहीं सांगतलं?’

श्रोतेहो, तिच्या सुनेचा आंगठा त्या वहींत दर महिन्याला उमटलेला होता. पट घसरल्याची चर्चा झाली, असेंही त्या वहींत मीं लिहिलें होतें. त्या बाईला मीं काय उत्तर देणार?

त्यानंतर आम्हीं बैठक संध्याकाळीं, दिवेलागणीनंतर घेऊं लागलों. पहिल्या बैठकीला पांच माणसें आलीं, पुढें वाढलीं. तिसऱ्या-चौथ्या बैठकींत एका आईनें भीतभीत सांगितलें कीं, मोठ्या मुली दुपारनंतर घरीं पळतात त्याचें कारण अभ्यासाचा कंटाळा नव्हे; मुलींच्या शौचालयांत पाणीच नसतें. मी वर्षभर हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें खुणा करीत होतों. कारण मला ठाऊक नव्हतें. ग्रामपंचायतीनें नळ आणून दिला आणि मुली थांबूं लागल्या. गेलेला शिक्षक परत आला नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु शाळेची अडचण गांवाला कळली, म्हणजे तिचा निदान एक भाग गांवांतच सुटतो, एवढें मी शिकलों.

पटाचा उल्लेख आला, म्हणून त्याविषयीं थोडें स्पष्ट करतों. शाळेंत किती शिक्षक असावे हें पटावरून ठरतें. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक असावे. राज्य सरकार यासंबंधींचे आपले निकष वेळोवेळीं बदलतें, तेही समितीनें विचारून घ्यावे. दोन शिक्षकांच्या शाळेंत एकाच खोलींत दोन-तीन इयत्ता बसतात. गुरुजी एका इयत्तेला गणित घालतात तोंवर दुसरी इयत्ता पाटी पुशीत बसते. चांगला शिक्षक हेंही निभावून नेतो. परंतु गांवांतील दहा-बारा मुलें बाहेर गेलीं, तर मागें राहिलेल्या मुलांचा शिक्षकही जाऊं शकतो, हें बाहेर धाडणाऱ्या पालकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. मागें राहतात तीं बहुधा ज्यांना गाडीचें भाडें परवडत नाहीं अशांचीं मुलें.

याहून मोठें संकट अगदीं लहान शाळांवर आहे. २०२३ सालीं राज्य सरकारनें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळांचा प्रश्न हातीं घेतला आणि अशा शाळा एकत्र आणून समूह शाळा कराव्या, ही कल्पना पुढें आली. तिच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे: मोठ्या शाळेंत ग्रंथालय असतें, खेळगडी मिळतात, प्रत्येक इयत्तेस शिक्षक मिळतो. उलट पक्षीं, पहिलीचें पोर पावसाळ्यांत नाला ओलांडून दुसऱ्या गांवीं कसें जाईल, आणि मुलीला कोण पोंचवील, हे प्रश्न तितकेच खरे आहेत. लहानांची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आंत असावी, हा नियम उगीच केलेला नाहीं. कोणत्या गांवीं काय योग्य, हें नागपुरांत बसून मला सांगतां येणार नाहीं. पण ज्या गांवच्या समितीच्या वहींत खऱ्या बैठकांचीं खरीं इतिवृत्तें आहेत, किती मुलें कोठें जातात, नाल्यावर पाणी किती दिवस असतें, हें ज्यांनीं लिहून ठेवलें आहे, त्या गांवाचें म्हणणें वरच्याला ऐकावें लागतें. ज्या गांवाची वही माझ्या त्या वहीसारखी आहे, त्याच्यापाशीं दाखविण्यास काय असणार?

यास्तव, समितीच्या सभासदांस, विशेषतः आयांस, माझें सांगणें आहे. बैठकींत निदान चार गोष्टी विचाराव्या. या महिन्यांत किती मुलें गैरहजर राहिलीं आणि कां? पैसा किती आला आणि कशावर गेला? गुरुजींचे किती दिवस शिकविण्याबाहेरच्या कामांत गेले? जनगणना, आपत्ति आणि निवडणुका एवढींच कामें शिक्षकांस देण्याची मुभा २७ व्या कलमानें दिली आहे, हें लक्षांत असावें. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: आमच्या मुलाला वाचतां येतें काय? तेथेंच पुस्तक उघडून मुलाकडून चार ओळी वाचवून घ्याव्या. त्याला शिकलेली आई लागत नाहीं. मूल अडखळतें कीं नाहीं, हें निरक्षर आईलाही ऐकूं येतें. एवढें करूनही दाद लागली नाहीं, तर ३२ व्या कलमाप्रमाणें स्थानिक संस्थेकडे लेखी तक्रार द्यावी. तिचा निकाल तीन महिन्यांच्या आंत लागावा, असें कायदा सांगतो.

माझ्या शिक्षकबंधूंसही दोन शब्द. पालक बैठकीस आले म्हणजे आपला अधिकार कमी होतो, अशी एक भीति आपल्या मनांत असते, माझ्याही होती. अनुभव उलटा आहे. छप्पर गळतें हें एकटा मुख्याध्यापक लिहितो, तेव्हां तें एक कागद होतें. बारा आईबाप सह्या करून लिहितात, तेव्हां तें गाऱ्हाणें होतें. मात्र त्यांच्या सवडीकडे आपण पाहिलें पाहिजे. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या तोडीचे दिवस, मौदा-रामटेककडे धानाच्या रोवणीचे दिवस, हे ओळखून बैठक ठेवावी. उन्हाळा कडक म्हणून इतर महाराष्ट्रांतील शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि विदर्भांतील शाळा त्या महिन्याच्या अखेरीस उघडतात. उन्हासाठीं राज्याचें वेळापत्रक वांकतें, तर रोवणीसाठीं बैठकीची वेळ कां वांकूं नये?

असो. आरंभीं विचारलेल्या प्रश्नाकडे परत येऊं. गांवची शाळा चालवितो कोण? पगार मुंबई देते, पुस्तक पुण्याहून येतें, तांदूळ दिल्ली देते, देखरेख नागपूर करतें. हें सर्व खरें आहे आणि तें तसेंच असलें पाहिजे, कारण एकट्या गांवाला हा भार पेलणारा नाहीं. परंतु नळाला पाणी नाहीं, मुलगी घरीं पळते, चौथींतल्या पोराला वाचतां येत नाहीं, या गोष्टी दिल्लीला दिसत नाहींत, मुंबईला दिसत नाहींत, आणि नागपूरलाही उशीराच दिसतात. त्या दिसतात गांवाला. आणि गांवाला दिसलेलें बोलून दाखविण्यासाठीं कायद्यानें एक जागा करून ठेवली आहे. पुढल्या महिन्यांत ती वही सहीसाठीं आपल्या घरीं आली, तर बायांनो आणि गडी-माणसांनो, आंगठा उमटवूं नका. वही घेऊन आलेल्या पोराला एवढेंच विचारा, ‘बैठक कधीं आहे?’ आणि त्या दिवशीं शाळेंत जाऊन बसा.